भीती कोणाच्या नावावर

हरिश्चंद्रगडावरच्या इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, गोष्ट मराठीत बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकली जाते : १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला गडाच्या कोकणकड्यावरून ते दिसले. भटकंतीच्या पुस्तकांत हेच, ट्रेकच्या माहितीपत्रकांत हेच. शनिवारी रात्री कुर्ल्याला हार्बरवरून उतरून, पूल चढून, मेन लाइनच्या फलाटावर कसारा लोकलची वाट बघणाऱ्या चेंबूर-गोवंडीच्या पोरांच्या तोंडीही हेच. त्याला जोडून बहुधा दुसरे वाक्य येते, की साहेबाबरोबरची माणसे भुताटकी समजून घाबरली. पहिल्या वाक्यातले साल चुकीचे आहे. दुसरे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे त्याच कागदावर छापलेले आहे.

कागद असा. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा १२५ वा खंड, १८३५ चा. त्यात पान १६१ पासून विल्यम हेन्री साइक्सचा दख्खनच्या हवामानावरचा लांबलचक निबंध सुरू होतो. निबंधाचा खरा विषय वायुभारमापक. दख्खनमध्ये हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि हे इतक्या नेमाने होते की साइक्स त्याला भरती-ओहोटीच म्हणतो. पानेच्या पाने आकडे आहेत. इंद्रवज्र त्यात धुक्याच्या ओघात येऊन जाते, जेमतेम परिच्छेदभर.

१८३५ हे निबंध छापल्याचे साल. तेव्हा साइक्स हिंदुस्थानात नव्हताच. खडकी-पुण्याच्या लढाया आणि त्यानंतरच्या डोंगरी किल्ल्यांच्या मोहिमा यांत तो कंपनीच्या फौजेत होता. १८२० मध्ये रजेवर युरोपात गेला आणि १८२४ मध्ये परतल्यावर गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. दख्खनभर हिंडायचे आणि माती, पिके, माणसे, जनावरे, पाऊस, सगळ्याची मोजदाद करायची, असे ते काम. पुढे ते पदच काढून टाकले गेले, तरी साइक्सने काम रेटून १८३१ च्या जानेवारीत पुरे केले आणि तो मायदेशी गेला. निबंधातली निरीक्षणे याच हिंडफिरीतली आहेत. तेव्हा कड्यावरचा तो देखावा १८२४ ते १८३१ च्या दरम्यान केव्हातरी घडला, इतकेच कागद सांगू देतो. त्या काळात साइक्स कर्नलही नव्हता. आधी कॅप्टन, १८२६ पासून मेजर. कर्नल झाला तो निवृत्त होताना. आणि एक दुरुस्ती राहिली. गोष्टीत त्याला इंद्रवज्र एकदा दिसते, पण अशी संधी आपल्याला अनेकदा मिळाली असे तो स्वतः लिहितो.

आता तो काय लिहितो ते त्याच्या क्रमाने पाहू. कोकणातून चढलेला धुक्याचा थर गडाच्या वायव्येकडच्या कड्याच्या माथ्याहून किंचित वर आला होता, पण पठारावर मात्र सांडत नव्हता. कड्याची उंची तो दोन ते तीन हजार फूट देतो. तो स्वतः अगदी काठावर, धुक्याच्या हद्दीला लागून पण हद्दीबाहेर उभा होता. सूर्य पाठीशी, आकाशात अगदी खाली, मध्ये ढग नाही. समोर धुक्यावर इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ उमटले, रंग झळझळीत. त्याचा अर्धा भाग तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धा खाली. मधोमध त्याची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत बसवलेल्या चित्रासारखी. बाहेरून दुसरे, फिकट कडे. व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा असा त्याचा अंदाज.

हा मजकूर थोडा ठोकून-वाजवून घेतला तर चांगला वाजतो. कडे नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या बिंदूभोवती उमटते. सूर्य जितका क्षितिजाच्या वर, तितका तो बिंदू आपल्या नजरेच्या पातळीखाली. अर्धे कडे वर आणि अर्धे खाली दिसले, याचा अर्थ सूर्य जवळजवळ क्षितिजावर होता. सूर्य अगदी खाली होता, हे त्याने स्वतंत्रपणे सांगितलेच आहे. दोन्ही विधाने एकमेकांना धरून आहेत. आठवणीतून रंगवून लिहिणाऱ्याला हा मेळ सहसा साधत नाही. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि सूर्य पाठीशी आहे, तेव्हा वेळ सकाळचीच. ‘कोकणकड्यावरून संध्याकाळी इंद्रवज्र दिसते’ असे अनेक जण खात्रीने सांगतात. संध्याकाळी कड्यावर उभे राहिल्यावर सूर्य तोंडावर येतो आणि सावली पाठीमागे पठारावर पडते. तेव्हा समोरच्या धुक्यात ती दिसायची कशी, हे त्यांनी सांगावे.

उजाडता-उजाडता कड्याच्या काठावर घोड्यासकट उभा असलेला माणूस रात्री गडावरच मुक्कामाला असला पाहिजे. हा माझा तर्क, त्याचे शब्द नव्हेत. घोडा कोकणातून चढणाऱ्या नळीच्या वाटेने वर येत नाही, म्हणजे तो पठाराच्या बाजूने चढवला असणार. घोडा आला की मोतद्दार आला, तंबू-सामान वाहणारे आले, वायुभारमापक जपून नेणारा कोणीतरी आला. ही माणसे निबंधात आहेत, पण नावाने नाहीत. ती फक्त साहेबाची ‘बरोबरची माणसे’ आहेत.

त्यांच्याविषयी साइक्स दोन गोष्टी सांगतो. समोर दिसणाऱ्या आकृती आपल्याच सावल्या आहेत यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणून ती हात-पाय उडवू लागली, अंगाला निरनिराळे आळेपिळे देऊ लागली, आणि आतली आकृतीही तसेच करते का हे पाहू लागली. आणि दुसरी गोष्ट, या देखाव्याने त्यांच्या मनात जी अंधश्रद्धेची भावना आली होती ती ओसरायला थोडा वेळ लागला.

आपल्याकडे गोष्ट पोचली ती या दुसऱ्या अर्ध्याची. पहिल्या अर्ध्यात ही माणसे काय करत आहेत ते नीट वाचावे. डोळ्यांसमोर अनोळखी गोष्ट उभी आहे. ती आपली सावली आहे असे कोणीतरी म्हणते आहे, बहुधा साहेबच. त्यावर ही माणसे विश्वास ठेवत नाहीत आणि पळूनही जात नाहीत. सावली असेल तर ती आपल्याबरोबर हलली पाहिजे, एवढे ती धरून चालतात आणि हलून बघतात. त्या सकाळी कड्यावर प्रयोग कोणी केला असेल तर तो या माणसांनी. साइक्सने वर्तुळाचा व्यास अंदाजला. उतारा लिहिताना मात्र निरीक्षण त्याच्या नावावर पडले आणि अंधश्रद्धा त्यांच्या.

हा आरोप साइक्सवर सरसकट करण्याजोगा नाही, हेही सांगायला हवे. हा माणूस स्थानिकांचे ऐकणाऱ्यांतला होता. दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन करताना त्याने ‘कोळसून’ हे इथले नाव टिपून ठेवले. पुढे दख्खनच्या माशांवर लिहिले तेव्हा त्याने इथली नावे थेट लॅटिन नामावळीत बसवली. इंद्रायणी-भीमेकडच्या महासीर माशाचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ आहे, आणि त्यातले खुद्री साइक्सने घातलेले. मासळीचे नाव कोळ्याला विचारावे हे ज्याला सुचले, त्याला कड्यावरच्या माणसांना ‘तुम्हांला हे काय वाटले?’ असे विचारावेसे का वाटले नाही? निदान उताऱ्यात तरी विचारल्याची खूण नाही. त्यांना नेमके कसले भय वाटले याविषयी तो एक अक्षर लिहीत नाही.

मग ते भय कोणते असू शकेल? इथे जपून पाऊल टाकायला हवे. त्या माणसांच्या डोक्यात काय होते हे कोणत्याच कागदावर नाही, पण त्या काळी कोणत्या समजुती हवेत होत्या ते मात्र कागदांवर आहे. मार्कंडेय पुराणात दत्तात्रेय अलर्क राजाला मृत्यूची पूर्वचिन्हे सांगतात, तो अध्याय पाहावा. ढग नसताना दक्षिणेला वीज दिसणे आणि रात्री इंद्रधनुष्य दिसणे ही दोन-तीन महिन्यांत येणाऱ्या मरणाची खूण म्हटली आहे. तूप, तेल, आरसा किंवा पाणी यांत ज्याला आपली आकृती दिसत नाही, किंवा बिनडोक्याची दिसते, तो महिन्यावर जगत नाही. स्वरोदयाच्या परंपरेतला छायापुरुष याच घरातला. उन्हात आपल्या सावलीकडे टक लावायची, मग नजर आकाशाकडे न्यायची. तिथे उमटणारी आकृती सगळ्या अवयवांनिशी दिसली तर ठीक, डोके नसले तर दिवस भरले. ही शास्त्रे कथा-कीर्तनांतून, गोसावी-जोग्यांच्या तोंडून गावोगाव झिरपलेली होती. अवेळी, अजागी दिसणारे इंद्रधनुष्य आणि आकाशात दिसणारी आपली सावली या दोन्ही गोष्टी या पोथ्यांत मृत्यूच्या खात्यावर मांडलेल्या आहेत, आणि कोकणकड्यावर त्या दोन्ही एकदम समोर आल्या.

यात एक मौज आहे, ती पोथीलाही ठाऊक नव्हती आणि बहुधा साइक्सलाही. हे कडे ज्याचे त्याला दिसते. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात १७३० च्या दशकात पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या बुगेर आणि उल्योआ यांनी पांबामार्का डोंगरावर हेच पाहिले होते. त्यांनी नोंदवले की बरोबरच्या प्रत्येकाला कडे दिसले ते स्वतःच्याच डोक्याभोवती. शेजाऱ्याची सावली दिसते, त्याचे कडे नाही. कारण सरळ आहे. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवतात, आणि ती वाट प्रत्येकाच्या डोळ्यापुरती वेगळी असते. म्हणजे साइक्सने वर्णन केलेली चौकट फक्त साइक्सपुरती खरी. मोतद्दाराला त्याच क्षणी, त्याच धुक्यात, आपले स्वतःचे मस्तक वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी दिसत असणार आणि साहेब कडेला. बिनडोक्याची सावली म्हणजे मरण, असे जर कोणी त्या काठावर मनात धरून उभा असेल, तर त्याच्यापुढची सावली डोके सोडून बाकी सगळे अंधूक दाखवत होती. हात-पाय हलवून बघण्यामागे ‘माझे सगळे अवयव आहेत ना’ हाही शोध असू शकेल. इतपत मी म्हणेन, पुढे जाणार नाही.

मृत्यू आणि आकाशातले कडे यांची गाठ प्रत्यक्ष पडल्याची सर्वांत प्रसिद्ध नोंद आपल्याकडची नाही, आल्प्समधली आहे. १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिंपर आणि सहा जण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. उतरताना हॅडो हा तरुण घसरला, तो मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळला, त्यांच्या ओढीने हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस गेले. दोर तुटला आणि चौघे सुमारे चार हजार फूट खाली हिमनदीवर पडले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही. उरले तिघे : व्हिंपर आणि झेरमॅटचे दोन वाटाडे, थोरला आणि धाकटा पेटर टाउगवाल्डर, बाप-लेक. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, लिस्काम शिखराच्या बाजूला, त्यांना आकाशात एक मोठी कमान दिसली आणि तिच्यात दोन प्रचंड क्रूस. रंग नाही, आवाज नाही, कडा मात्र स्पष्ट.

व्हिंपरने हे १८७१ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आणि चित्रही काढून छापले. तोही दोन गोष्टी सांगतो. टाउगवाल्डरांना वाटले की याचा अपघाताशी संबंध आहे. आणि आपल्याला थोड्या वेळाने वाटले की याचा आपल्या तिघांशी, म्हणजे आपल्या सावल्यांशी, संबंध असावा. पण हालचाल केली तरी त्या आकृती हलल्या नाहीत.

कसोटी तीच, कोकणकड्यावरची. कोकणकड्यावर आकृती हलल्या, मॅटरहॉर्नवर हलल्या नाहीत, एवढाच फरक. कमानीचा उलगडा होतो. सूर्य पश्चिमेला, लिस्काम पूर्वेला, आणि फार बारीक थेंबांचे धनुष्य असेच बिनरंगाचे असते. क्रूसांचा समाधानकारक उलगडा आजही कठीण आहे. पण मला त्याहून लक्षणीय वाटते ते लिहिण्याचे वळण. चार माणसे डोळ्यांदेखत गेलेली, तिघेही हादरलेले, आणि शकुन दिसला तो वाटाड्यांना; चिकित्सा सुचली ती गिऱ्हाइकाला. टाउगवाल्डरांच्या मनातले आपल्याला कळते ते व्हिंपरच्याच लेखणीतून. कड्यावरच्या मोतद्दाराचे साइक्सच्या लेखणीतून कळते, तसेच.

डोंगरातल्या अंधश्रद्धेचे कागद चाळताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. भीती लिहिणाऱ्याची नसते, ती नेहमी बरोबरच्या माणसाची असते. या देखाव्याला भिण्याऐवजी भाळणाऱ्यांचीही नोंद आहे. सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश तरुणाने १८९४ च्या सप्टेंबरात बेन नेव्हिसच्या वेधशाळेत दोन आठवडे काढले, तिथे ढगांवरची ही कडी पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून बघायचे ठरवले. त्यातून मेघपेटी निघाली, अणूच्या कणांचा माग डोळ्यांना दिसू लागला आणि १९२७ चे नोबेल त्याला मिळाले. पण त्यालाही हातपाय हलवून बघणारी कड्यावरची माणसे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपण आज लिहितो तेव्हा काय करतो? कुर्ल्याच्या घरातून सॅक उचलताना आई म्हणते, ‘जातो म्हणू नये, येतो म्हण.’ अमावस्या असली की कपाळाला आठी, तिघेच निघाले तर चौथा शोधा. पावसाळ्यात भिंतीवरच्या कालनिर्णयात नक्षत्राचे वाहन बघितले जाते. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा म्हणजे ओढ, आणि घोडा असला तर डोंगराळ भागात पाऊस, असे जुने गणित. आम्ही हे सारे हसण्यावारी नेतो आणि मग ट्रेकच्या वृत्तांतात लिहितो, ‘गावातले लोक अजूनही मानतात की...’ साइक्सचीच रीत, फक्त भाषा बदलली. आई गडाखालच्या पाचनईत नसते, कुर्ल्याच्या नेहरूनगरात असते, म्हणून ती ‘गावातले लोक’ ठरत नाही, इतकेच.

आणि नक्षत्रांच्या पावसाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २६ जुलै २००५ ला सूर्य पुष्य नक्षत्रात होता, ज्याच्या पावसाला आपण म्हातारा पाऊस म्हणतो. त्या म्हाताऱ्याने सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी ओतले, तर कुलाब्यात जेमतेम ७४. मिठी नदी कुर्ल्यात घरांत शिरली, माणसे लालबहादूर शास्त्री मार्गावर छातीभर पाण्यातून चालली, अनेकांचे जीव गेले. डोंगरात जाऊ नको म्हणणाऱ्या घरांना त्या दिवशी पाण्याने घरातच गाठले.

हरिश्चंद्रगडावरही माणसे गेली आहेत, अगदी अलीकडे. जानेवारी २०२० मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा कोकणकड्यावरच्या मोहिमेत मृत्यू झाला; आयुष्यभर सह्याद्रीत दोर लावलेला माणूस. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेल्या काही जणांची धुक्यात आणि पावसात वाट चुकली आणि त्यांच्यातला एक थंडीने गेला. धुके मारते ते असे. पायवाट पुसून टाकते, अंग भिजवते, रात्र लांबवते. याचे इशारे पोथीत नाहीत. ते गडाखाली राहणाऱ्या महादेव कोळी वाटाड्यांकडे असतात, आणि त्यांनी ‘आज नका जाऊ’ म्हटले की बहुतेक गट त्याचीही गणना समजुतींत करून पुढे निघतात. वाटाड्याने कारण सांगितले नाही म्हणजे कारण नव्हते, असे धरून चालणे ही साइक्सपासूनची खोड आहे. साइक्सने निदान पुढचे वाक्य तरी प्रामाणिकपणे लिहून ठेवले, की ही माणसे हलून बघत होती.

ज्यांना ते कडे पाहायचे आहे त्यांच्यासाठी त्याच उताऱ्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रात्रीची कसारा लोकल, तिथून जीपने घोटी-राजूर, पहाटे पाचनई आणि मग चढण, या हिशेबाने काठावर पोचेपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो. धुके असलेच तर कडे दिसेल, पण पायांखाली खोल, आणि काठावरून वाकून बघावे लागेल. वाकू नये. साइक्ससारखे अर्धे वर, अर्धे खाली बघायचे तर आदल्या रात्री गडावर मुक्काम करावा, उजाडताना काठापासून चार पावले मागे उभे राहावे, आणि बरोबरच्याला काय दिसले ते त्यालाच विचारून घ्यावे.